मांतोव्हातले दोन राजवाडे: दुकाले आणि ते

मांतोव्हा हे उत्तर इटलीतलं तीन बाजूंनी तळ्यांनी वेढलेलं लहानसं शहर. व्हेरोनाहून रेल्वेनं साधारण पाऊण तास लागतो. इथे शहरावर राज्य करणाऱ्या गोंझागा घराण्याचे दोन राजवाडे आहेत, पालाझ्झो दुकाले आणि पालाझ्झो ते. दोन्हीकडे छतापर्यंत रंगवलेली एकेक जगप्रसिद्ध खोली, आणि दोन्ही छतांत डोक्यावर आभाळ उघडल्याचा भास. त्यामुळे इंटरनेटवर एकीचा फोटो दुसरीच्या नावावर सहज खपून जातो. त्यात भर म्हणजे ‘ते’ बांधणाऱ्या वास्तुकार-चित्रकार जुलिओ रोमानोचं काम दुकालेतही आहे.

दुकाले शहराच्या उत्तर टोकाला, तळ्याकाठी. ही एक इमारत नव्हेच. किल्ला, चर्च, अंगणं, बागा आणि पाचशेच्या आसपास खोल्या असं पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलेलं ते प्रकरण आहे. इथून राज्यकारभार चाले. ‘ते’ दक्षिणेला, त्या काळी बेटावर, गावकुसाबाहेर. जुलिओनं ते 1525 ते 1535च्या दरम्यान फेदेरिको दुसरा गोंझागा याच्यासाठी उभारलं. मधलं चौकोनी अंगण आणि चारी बाजूंनी बुटक्या इमारती, म्हणजे आपल्या चौसोपी वाड्यासारखा आराखडा. उद्देश मात्र निव्वळ चैनीचा: मेजवान्या, पाहुणे आणि घोडे. आधी तिथे घोड्यांचे तबेलेच होते. एका दालनाच्या भिंतींवर फेदेरिकोचे सहा लाडके घोडे जवळपास खऱ्या आकारात रंगवलेले आहेत.

आता त्या दोन खोल्या. दुकालेच्या सान जोर्जो किल्ल्यातली कामेरा पिक्ता, म्हणजे ‘रंगवलेली खोली’, चित्रकार आंद्रेआ मांतेन्यानं 1465 ते 1474 या काळात रंगवली. जेमतेम आठ मीटर लांबी-रुंदीची ही खोली तेव्हाचा सत्ताधीश लुदोविको गोंझागा पाहुण्यांना भेटण्यासाठी वापरी आणि तिथेच झोपेही. शेकोटीच्या वर अख्खा दरबार बसलाय. हातात पत्र घेऊन लुदोविको चिटणिसाकडे वळलाय, शेजारी त्याची राणी बार्बारा, मुलं, बुटकी दासी, आणि खुर्चीखाली कुत्रा. कुणीही हसत नाही. दुसऱ्या भिंतीवर तोच लुदोविको कार्डिनल झालेल्या मुलाला भेटतोय. उरलेल्या दोन भिंतींवर फक्त रंगवलेले पडदे.

आणि वर बघितलं, की गंमत. छताच्या मधोमध एक गोल झरोका, त्यातून निळं आकाश, आणि कठड्यावरून वाकून आपल्याकडे बघणाऱ्या बायका. आडव्या दांडक्यावर झाडाची कुंडी अशी ठेवलीय की आता पडेल. कठड्याला लटकलेली गुबगुबीत पोरं खालून दिसतात, त्यामुळे काहींचे ढुंगणच आपल्या वाट्याला येतात. पुढची दोन-तीन शतकं युरोपातल्या चर्चांच्या छतांवर जे ढग आणि देवदूत भरले, त्यांची सुरुवात या झरोक्यापासून धरतात.

‘ते’मधली राक्षसांची खोली 1532 ते 1535मधली. म्हणजे मांतेन्याच्या खोलीनंतर साठेक वर्षांनी. रोमन देवांचा राजा ज्युपिटर यानं वज्र फेकलंय आणि त्याच्याशी लढायला आलेले राक्षस कोसळत्या खांबांखाली, डोंगरांखाली चिरडताहेत. जुलिओनं खोलीचे कोपरे गोल करून टाकले, म्हणून भिंत कुठे संपली आणि छत कुठे सुरू झालं हे कळतच नाही. जमिनीपासून माथ्यापर्यंत एकच सलग चित्र. रंगवण्याचं काम बरंचसं त्याच्या हाताखालच्या लोकांनी केलं आणि ते जाणवतं; काही राक्षसांचे चेहरे चक्क ओबडधोबड आहेत. पण आत पाऊल टाकल्यावर हे लक्षात यायला वेळ लागतो. या कोपऱ्यात कुजबुजलं तर समोरच्या कोपऱ्यात ऐकू येतं. भिंतींच्या खालच्या भागावर शेकडो वर्षांपूर्वीच्या पाहुण्यांनी नावं कोरून ठेवलीत, ही खोड फक्त आपल्याकडचीच नाही.

दोन खोल्यांतला खरा फरक मला इथे दिसतो: मांतेन्या खोलीचं मोजमाप पाळतो. त्याचे रंगवलेले खांब आणि कमानी त्या खोलीला शोभतील अशाच आहेत, आणि तुम्ही दरबारात आलेला पाहुणा आहात. जुलिओ खोलीच मोडून टाकतो. हाच खोडसाळपणा त्याच्या अंगणातही आहे. तिथल्या भिंतींवर खांबांवरच्या पट्टीतले काही दगड मुद्दाम खाली घसरवलेत, जणू इमारत खचतेय. शिवाय ते ‘दगड’ बहुतेक दगडही नाहीत. मांतोव्हाच्या आसपास चांगला दगड मिळत नसे, म्हणून विटांवर गिलावा करून दगडाचा आव आणला. अभिजात वास्तुकलेचे नियम पाठ असलेल्या दरबाऱ्यांना हे विनोद लगेच कळत असणार. आपल्याला मान वर करून शोधावे लागतात.

बागांची तुलना लवकर आटोपते. दुकालेत बागा इमारतींच्या मध्ये अडकलेल्या आहेत, त्यातली एक तर चक्क वरच्या मजल्यावर. ‘ते’मध्ये अंगण ओलांडलं की माशांची तळी, मग मोकळी हिरवळ आणि टोकाला अर्धवर्तुळाकार कमानी. या कमानी सतराव्या शतकातल्या, जुलिओच्या नव्हेत. फुलांची हौस असेल तर दोन्हीकडे निराशा होईल.

दोन्ही एका दिवसात होतात, पण आधी दुकाले करा. राक्षसांनंतर मांतेन्याचा तो शांत दरबार फिका वाटतो, आणि तो अन्याय आहे. कामेरा पिक्तात एका वेळी मोजकेच लोक सोडतात, म्हणून वेळ आधी ठरवून ठेवलेली बरी. सोमवारी दुकाले बंद असतं. तिथून ‘ते’पर्यंत चालत अर्धा तास धरा. वाटेत वास्तुकार आल्बेर्तीनं आराखडा केलेलं सांतान्द्रेआचं चर्च लागतं. आत शिरल्यावर डावीकडच्या पहिल्याच दालनात मांतेन्या पुरलेला आहे.