कांडवेल आणि दात काढल्यावरचा खड्डा

दात काढल्यावर जबड्यात जो खड्डा राहतो, त्यात आधी रक्ताची गुठळी धरते आणि पुढच्या तीन-चार महिन्यांत तिथे हाड भरत जातं. पारंपरिक औषधांनी हे काम नीट होईल का, असं आज विचारलं जातं. जुन्या वैद्यकाचा भर मात्र दुसरीकडे होता. वरचा दात हलत असला तरी काढू नये, रक्त आवरत नाही, असं सुश्रुतसंहिता बजावते. काळजी रक्ताची होती. हाड जोडणारी म्हणून नावाजलेली कांडवेल, म्हणजे अस्थिसंहार, मुख्यतः अस्थिभंगावर सांगितलेली. लाक्षादि गुग्गुळ या आयुर्वेदिक औषधातही ती लाख, अर्जुन, अश्वगंधा यांच्या सोबतीला असते. (ओली वेल तशीच चावू नये, घशाला जबर खाज सुटते.)

गोव्याचा या कथेतला वाटा कागदोपत्री सापडतो. १५३४ मध्ये इथे आलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात लवंग आहे, हळदही आहे. लवंगेतलं युजेनॉल आजही, खड्ड्यातली गुठळी सुटून ठणका लागला तर, दंतवैद्य आत भरतात त्या औषधात असतं. पण ते वेदना शमवतं, हाड वाढवत नाही. हा फरक घरगुती सल्ल्यात नेहमी हरवतो.

पोर्तुगीज दरबाराला हिंदू वैद्य हवेही होते आणि नकोही. १६१८ मध्ये गोव्याच्या नगरपालिकेने त्यांची संख्या तीसवर आणली. तोवर गोवा सोडून गेलेली कितीतरी सारस्वत घराणी कोचीन भागात स्थिरावली होती. तिथल्याच रंग भट, विनायक पंडित आणि आपु भट या कोकणी वैद्यांनी ‘हॉर्टस मलबारिकस’ (१६७८–१६९३) या डचांनी करवलेल्या, मलबारच्या वनस्पतींवरच्या लॅटिन ग्रंथाला माहिती पुरवली. त्या बारा खंडांत कांडवेलीचं चित्रही आहे, मल्याळी नावाने.

प्रयोगशाळेत ही वेल आली ती १९६०च्या दशकात. बनारस हिंदू विद्यापीठात उडुपा आणि प्रसाद यांनी जनावरांच्या मोडलेल्या हाडांवर तिचा परिणाम तपासला आणि हाड लवकर सांधतं असं नोंदवलं. विषय तेव्हाही हातापायांचाच. जबड्याकडे लक्ष वळलं ते इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू रोवून बसवायचा कृत्रिम दात, प्रचारात आल्यावर. कवळी बसवायची तर हिरडीवर भागत असे, स्क्रू रोवायचा तर खाली हाड लागतं, आणि दात काढल्यावर वर्षभरात त्या जागची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते.

त्यानंतर उंदीर आणि गिनीपिगच्या जबड्यांवर वेगवेगळ्या वनस्पतींचे अर्क तपासले गेले. निकाल आशादायक दिसतात, पण माणसांवरचे अभ्यास थोडे आणि लहान आहेत. शिवाय काहींनी औषध पोटातून दिलं, काहींनी ते थेट हाडाच्या जागी भरलं. एका पद्धतीचा निष्कर्ष दुसरीला लावता येत नाही.