एफ कॉर्ड आणि वाकलेलं मनगट

गिटार शिकणाऱ्याची पहिली खरी परीक्षा म्हणजे एफ कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायच्या सुरांचा एक गट. तर्जनी आडवी टाकून पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांनी पडलेल्या पहिल्या घरात) सहाही तारा एकदम दाबायच्या आणि उरलेल्या तीन बोटांनी पुढच्या फ्रेटांवर मधल्या तारा धरायच्या. पस्तिशीत गिटार हातात घेतली आणि मी इथे दोन महिने अडकलो. सूर निघेना तो निघेनाच, वर अंगठ्याचा गड्डा आणि कोपराखालचा हात असा भरून यायचा की रात्री डाव्या हातानं चहाचा कप उचलवेना. बोटांत ताकद नाही असं समजून मी आणखी जोर लावायचो.

बोटांत ताकद नसतेच, कुणाच्याच. पेरांमध्ये स्नायू नाहीत. तळहातात काही छोटे आहेत, पण बोटं मिटवणारे मोठे स्नायू कोपराखाली असतात. उजव्या हातानं तिथे धरून डावी बोटं हलवा, कातडीखाली वळवळ जाणवेल. तिथून दोरीसारख्या कंडरा मनगटातून बोटांपर्यंत जातात. मनगटात हाडं आणि एक जाड पट्टा यांच्यामध्ये अरुंद बोगदा आहे. त्यातून 9 कंडरा आणि एक मज्जातंतू दाटीवाटीनं जातात.

आता मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवा आणि मूठ आवळून बघा. आवळत नाही ना? स्नायू आधीच आखूड झालाय, त्याला आणखी ओढायला वाव नाही. शिवाय मागच्या बाजूच्या कंडरा ताणल्या जाऊन बोटं उघडायला बघतात. एफ धरताना मी नेमकं हेच करत होतो. गिटारची मान खाली झुकलेली, मनगट घडी घातल्यासारखं. मग बोटांचा जोर कमी पडतो म्हणून अंगठा मागून चिमटा काढतो, बोगद्यातला दाब वाढतो, कंडरा कडेला घासतात. हे रोज तासभर चाललं की त्यांचं आवरण चिडतं.

दोष सगळा हाताचा नव्हता. स्टीलच्या तारांच्या गिटारवर एकेक तार साधारण 10 ते 14 किलोंनी ताणलेली असते. पहिला फ्रेट नटला, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा ज्या खाचांत बसतात त्या पट्टीला, अगदी लागून, त्यामुळे तिथे ती सगळ्यात हट्टी. नटच्या खाचा उथळ असतील तर विचारूच नका. तोच आकार पाचव्या फ्रेटवर धरला की फरक लगेच कळतो. दुरुस्ती करणाऱ्यानं माझ्या गिटारच्या खाचा कानशीनं केसभर खोल केल्या आणि अर्धी लढाई तिथेच संपली.

ताण कमी करण्याचा धडा ब्लॅक सॅबथ या रॉक बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याच्याकडून घ्यावा. 1965 मध्ये बर्मिंगहॅमच्या कारखान्यात यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, पातळ तारा लावल्या आणि पुढे गिटार तीन अर्धस्वर (अर्धस्वर म्हणजे सप्तकाचा बारावा भाग) खाली उतरवली. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून एक अर्धस्वर उतरवला तरी तो 11 टक्के घटतो. तीन उतरवले तर 29.

बोटांच्या टोकांची आग मनावर घेऊ नका, घट्टे पडले की ती जाते. पण रात्री अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना मुंग्या येत असतील, मिटलेलं बोट अडकून खट्कन सुटत असेल, किंवा अंगठ्याच्या मुळाशी मनगट ठणकत असेल, तर सराव थांबवून डॉक्टर गाठा. ‘दुखलं तरी वाजवत राहा’ हा सल्ला देणाऱ्यांवर माझा राग आहे. एक विकार तर बहुधा दुखतही नाही. फोकल डिस्टोनियात मेंदूकडून जाणारी आज्ञाच बिघडते आणि वाजवायला घेतलं की बोटं आपोआप मुडपतात. अमेरिकन गिटारवादक बिली मॅक्लॉफ्लिन यांना तो झाला, तेव्हा ते उलट्या हातानं वाजवायला नव्यानं शिकले.

सध्या माझी गिटार एक अर्धस्वर उतरवलेली असते आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा. म्हणजे सूर मूळचाच, तार मात्र सैल, आणि एफची तर्जनी नटपासून एक घर लांब. माझ्या शिक्षकांना ही लबाडी वाटते. एफ मात्र वाजते.