गीताचा कालावधी (लोकप्रिय संगीतातील)

लोकप्रिय गीत सुरू झाल्यापासून संपेपर्यंत लागणारा वेळ. विसाव्या शतकात हा वेळ जगाच्या बऱ्याच भागांत तीन ते साडेचार मिनिटांच्या आसपास स्थिरावला. चाल, ताल, वाद्यमेळ यांच्या तुलनेत संगीताच्या अभ्यासकांचे या बाबीकडे उशिरा लक्ष गेले. एकविसाव्या शतकात गीते पुन्हा आखूड होऊ लागल्यामुळे पुढील पिढ्यांच्या संगीताविषयीच्या चर्चेत तिला महत्त्व आले आहे.

उगमाविषयीची मते : तीन मिनिटांच्या गीताचे जनकत्व सामान्यतः ग्रामोफोनच्या तबकडीकडे दिले जाते. या मताला तांत्रिक आधार आहे. एडिसनप्रणीत फोनोग्राफच्या मेणाच्या नळकांड्यावर साधारण दोन मिनिटांचे मुद्रण मावत असे. १९०८ मध्ये आलेल्या अँबेरॉल नळकांड्याने ही मर्यादा चार मिनिटांपर्यंत नेली. ग्रामोफोनचा जनक एमिल बर्लिनर याच्या आरंभीच्या सात इंची तबकड्याही दोन मिनिटांच्या आतबाहेरच्याच होत्या. दहा इंची तबकडी १९०१ च्या, तर बारा इंची १९०३ च्या सुमारास बाजारात आली. पहिलीच्या एका बाजूवर तीन ते सव्वातीन आणि दुसरीच्या चार ते साडेचार मिनिटे मुद्रण होई. तबकडीचा वेग प्रारंभी ठरलेला नव्हता. मिनिटाला सत्तरपासून ऐंशीपर्यंत फेऱ्यांच्या तबकड्या आढळतात, त्यामुळे त्या काळातील ध्वनिमुद्रिकांवरून काढलेला कालावधी, आणि गायकाची पट्टीही, काटेकोर मानता येत नाही. ७८ फेऱ्यांचे प्रमाण १९२५ च्या सुमारास रूढ झाले. मिनिटाला ३,६०० फेरे घेणाऱ्या विद्युत मोटारीची गती ४६ : १ अशा दंतचक्राने उतरवली की ७८.२६ फेरे मिळतात. ५० हर्ट्झचा वीजपुरवठा असलेल्या देशांत प्रत्यक्ष आकडा ७७.९२ असे.

दुसऱ्या मतानुसार तबकडीने हा साचा निर्माण केला नाही, तयार साचा उचलला. इंग्लंड-अमेरिकेतील रंगमंचीय करमणुकीतली गाणी आणि घरोघरी विकली जाणारी छापील स्वरलिपीची गाणी तबकडीच्या आधीपासूनच थोडक्यात आटोपणारी होती. बारा इंची तबकडी उपलब्ध असूनही लोकप्रिय गीते बव्हंशी दहा इंचीवरच निघत राहिली आणि मोठी तबकडी मुख्यतः अभिजात संगीतासाठी राखली गेली, हा या पक्षाचा मुख्य पुरावा होय. दहा इंची स्वस्त होती, हे उत्तर त्यावर दिले जाते. मात्र १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले तबकडी आणल्यानंतर एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक मुद्रण शक्य झाले, तरीही तिच्यावर तीन-तीन मिनिटांचीच गीते भरली गेली; केवळ किमतीच्या कारणाने याचा उलगडा होत नाही.

माध्यमाच्या क्षमतेपेक्षा मोबदल्याच्या एककाकडे पाहणारे तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. नाणे टाकून तबकडी वाजवणाऱ्या ज्यूकबॉक्स यंत्रात कमाई वाजवण्यागणिक होई, मिनिटागणिक नव्हे. जाहिरातींवर चालणाऱ्या नभोवाणी केंद्रांनाही आखूड गीते सोयीची होती. १९४९ मध्ये आलेल्या ४५ फेऱ्यांच्या सात इंची तबकडीने हीच सोय पुढे चालवली. १९६५ मध्ये बॉब डिलनचे सहा मिनिटांहून मोठे ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ नभोवाणी निवेदकांसाठी दोन बाजूंवर तोडून पाठवण्यात आले होते. त्या वेळी अडचण तबकडीची राहिलेली नव्हती.

भारतातील व महाराष्ट्रातील परिणाम : ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग यांनी नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात केलेल्या ध्वनिमुद्रणांपासून भारतीय गायकांना ही मर्यादा जाणवू लागली. ख्यालगायकांना आलाप आखडून बंदिशीवर लवकर यावे लागले. नाट्यगृहात ‘वन्स मोअर’ घेत लांबणारी नाट्यपदे तबकडीवर तीन मिनिटांत बसवली गेली; पुढच्या पिढीने ही पदे तबकडीवरूनच ऐकली व गळ्यात उतरवली, म्हणून तिच्या दृष्टीने तोच त्या पदाचा आकार ठरला. १९७७ च्या व्हॉयेजर यानांबरोबर पाठवलेल्या तबकडीत मूळच्या गोव्याच्या केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे. तिचा कालावधीही साडेतीन मिनिटांचाच आहे.

भावगीताची स्थिती वेगळी आहे. रविकिरण मंडळाच्या (स्थापना १९२३) कवींनी काव्यगायनाची आवड वाढवली होती. पण भावगीत हा प्रकार रुजला तो ध्वनिमुद्रिकेवर. त्याचा आरंभ सामान्यतः १९३० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत, जी. एन. जोशी यांनी गायिलेल्या ना. घ. देशपांडे यांच्या ‘शीळ’ या कवितेपासून मानतात. जे. एल. रानडे यांच्यासारख्या गायकांच्या ध्वनिमुद्रिकांचा दाखला देऊन हा मान अन्यत्रही दिला जातो. प्रश्न बराचसा व्याख्येचा आहे. एवढे खरे, की नाट्यपदाला आखूड व्हावे लागले आणि भावगीत जन्मतःच आखूड होते. ध्रुवपद, निवडक तीन-चार कडवी आणि त्यांमधील वाद्यमेळाचे तुकडे ही त्याची बांधणी तबकडीच्या मापाची आहे. चित्रपटगीतांत हीच मर्यादा उघडी पडते. पडद्यावरचे एखादे कडवे ध्वनिमुद्रिकेवर गाळलेले असते आणि दीर्घ कव्वाल्या ‘भाग १’, ‘भाग २’ अशा निघत. याउलट पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून प्रसारित झालेल्या ‘गीतरामायणा’ला तबकडीचे बंधन नव्हते. ग. दि. माडगूळकर यांच्या त्यातील ५६ गीतांपैकी काहींना आठ-दहा कडवी आहेत आणि सुधीर फडके यांनी ती चालीत न कापता बसवली. भावगीताच्या इतिहासात या अपवादाचा विचार काव्य म्हणून भरपूर झाला, आकार म्हणून फारच थोडा.

ध्वनिफितीनंतर : फिलिप्स कंपनीची कॅसेट (१९६३) भारतात १९८० नंतर सर्वदूर पोहोचली. तिच्यामुळे मुद्रणाचा खर्च घटला आणि भक्तिगीते, भीमगीते, कोळीगीते यांना मोठ्या कंपन्यांबाहेर वाट मिळाली. गीतांची लांबी वाढली, पण हा फरक पद्धतशीरपणे मोजला गेलेला नाही.

आंतरजालावरील प्रसारण : स्पॉटिफायसारख्या सेवांवर गीत ३० सेकंद ऐकले गेले की ते एकदा ऐकले असे धरतात. पुढे ते दोन मिनिटे चालो की सात, त्याने मोजणीत फरक पडत नाही. ज्यूकबॉक्सचा हिशोब असा नव्या रूपात परतला. ह्यूबर्ट लेव्हेये गोव्हॅं यांनी अमेरिकेतील १९८६ ते २०१५ या काळातील लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या दहांत आलेली गीते तपासली असता आरंभीचे वाद्यसंगीत सरासरी वीस सेकंदांहून अधिक होते ते सुमारे पाच सेकंदांवर आल्याचे दिसले. या काळाचा बराचसा भाग अशा सेवा पसरण्याआधीचा आहे, त्यामुळे सारे श्रेय वा दोष त्यांना देणे घाईचे ठरेल. २०१९ मध्ये अमेरिकी यादीत १९ आठवडे अग्रस्थानी राहिलेल्या ‘ओल्ड टाउन रोड’ची मूळ आवृत्ती १ मिनिट ५३ सेकंदांची होती. भारतात जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आल्यानंतर इन्स्टाग्राम रील्सने टिकटॉकची जागा घेतली आणि गीताची ओळख पंधरा-तीस सेकंदांच्या तुकड्यावरून होऊ लागली. क्रेटेक्स व श्रेयस यांचे ‘तांबडी चामडी’ (२०२४) हे मराठी गीत याच वाटेने मराठी न जाणणाऱ्यांपर्यंत पोहोचले.

भावी वाटचाल : पुढील पिढ्यांत गीत आणखी आखडत जाईल, हे भाकीत सर्रास केले जाते. सरळ रेषा पुढे ओढण्याची ही पद्धत यापूर्वीही फसली आहे. १९६५ ते १९९० या काळात गीते लांबत होती. मॉरिस होलब्रुक व रॉबर्ट शिंडलर यांच्या १९८९ च्या अभ्यासानुसार माणसाची संगीताची आवड साधारण चोविसाव्या वर्षाच्या आसपासच्या गीतांवर केंद्रित होते. कॅरल क्रमहान्सल व जस्टिन झुपनिक यांना (२०१३) तरुण श्रोत्यांत आईवडिलांच्या तारुण्यातील गीतांविषयीही तशीच जवळीक आढळली. म्हणजे जुना आकार कारण संपल्यावरही एखाददोन पिढ्या टिकतो. मोबदला ऐकलेल्या वेळेवर मिळू लागला तर कल उलट फिरणे अशक्य नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेल्या संगीतात गायकाचा दम किंवा तबकडीची कड यांचा प्रश्नच येत नाही. सुनो या प्रणालीची एका वेळची मर्यादा २०२४ मध्ये दोन मिनिटांवरून चारवर आणि २०२५ मध्ये आठ मिनिटांवर गेली. न संपणारे, श्रोत्याच्या कामाप्रमाणे वा झोपेप्रमाणे बदलत जाणारे संगीत त्यामुळे कल्पनेत शक्य दिसते. मात्र अशा प्रणाली पूर्वीच्या गीतांवरूनच शिकलेल्या असल्याने त्यांची निर्मिती तूर्त कडवे-ध्रुवपदाच्या परिचित मापातच बव्हंशी राहते. या शिक्षणासाठी परवानगीविना ध्वनिमुद्रणे वापरल्याचा आरोप करीत मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी जून २०२४ मध्ये सुनो व तिच्यासारखीच दुसरी प्रणाली यूडिओ यांच्यावर अमेरिकेत दावे दाखल केले. २०२५ च्या उत्तरार्धात युनिव्हर्सलने यूडिओशी आणि वॉर्नरने दोघांशीही तडजोड करून परवान्याचे करार केले.