टेम्पो निघाला म्हणजे माल संपला नव्हे

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यासाठी मी लूमचे आकडे ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आणणारा छोटासा प्रोग्राम लिहिला होता. मालक विचारायचे, "आलं का हो?" शेडमधला पोरगा ओरडायचा, "पाठवलं की!" आकडे आलेही होते. पण माझा प्रोग्राम 'संपलं' ऐकायला कान लावून बसलेला, आणि शेडकडून फक्त 'सोडलं' येत होतं.

फ्लश (आहे ते पुढे सोडणं) आणि क्लोज (पाठवणं बंद करणं) यांत मी गोंधळ घातला होता.

बफर, म्हणजे पाठवायचा डेटा साठवायची तात्पुरती जागा, हा गोदामाच्या दारातला टेम्पो. चार डझनांसाठी कोण गाडी सोडतो? भरेपर्यंत थांबवतात. फ्लश म्हणजे "आहे तेवढ्यावर सोड". तेही प्रोग्रामच्या दारापुरतंच. पुढे टीसीपीत (नेटवर्कवरून डेटा पोचवण्याच्या नियमांत) 1984 चा नेगलचा नियम आहे: आधीच्या मालाची पोच येईपर्यंत किरकोळ माल रोखून धरायचा.

क्लोज केलं की समोरच्याला फिन (संपल्याची खूण) जातो: माझ्याकडून आता काही येणार नाही. (तुमचं तुम्ही पाठवू शकता, फिन एकाच दिशेचा.) उरलेलं वाचून झाल्यावर रीड (वाचायची आज्ञा) शून्य बाइट देतं. मी त्या शून्याची वाट बघत होतो. 1981 च्या टीसीपीतही पुश (आहे ते पुढे दे) आणि फिन हे दोन वेगळे झेंडे आहेत, ते उगाच नाही.

मग दर वेळी क्लोजच करावं? इथं खरी मेख आहे. पाठवणारा प्रोग्राम अर्ध्यात मेला तरी ऑपरेटिंग सिस्टिम बहुधा फिन पाठवून मोकळी होते. अर्धा हिशोब पुरा वाटतो. आणि शेडची वीज गेली तर फिनसुद्धा येत नाही.

फ्लशही संदेशाची हद्द सांगत नाही. दोन फ्लशचा माल एकाच रीडमध्ये येतो, कधी एकाचा दोनांत. म्हणून खूण मालातच हवी. ईमेल पाठवायच्या एसएमटीपी नियमांत ओळीवर एकटा टिंब आला की पत्र संपलं, जोडणी मात्र चालूच. पत्रातलीच एखादी ओळ टिंबानं सुरू झाली तर? पाठवणारा आणखी एक टिंब लावतो, घेणारा तो काढतो. वेब पानं पोचवणाऱ्या एचटीटीपी 1.1 मध्ये तुकड्यातुकड्यांनी पाठवताना शून्य लांबीचा तुकडा हेच काम करतो.

मी दर नोंदीला एक ओळ केली, लगेच फ्लश, आणि पाळी सुटताना 'शिफ्ट बंद' अशी वेगळी ओळ. ती येण्याआधीच शून्य आलं, किंवा दहा मिनिटं काहीच आलं नाही, तर हिशोब अपुरा म्हणून लाल दिसतो. आता मालक आधी शेडची लाइट आहे का ते विचारतात.