पॉम्पेईतला अर्धा दिवस आणि ‘गाइड’ या शब्दाचा गुंता

इटलीतल्या नेपल्स किंवा सोरेंतोहून निघणाऱ्या सहलींच्या पत्रकात पॉम्पेईपुढे बहुधा ‘अर्धा दिवस, गाइडसह’ असं छापलेलं असतं. हे प्राचीन रोमन शहर सुमारे 66 हेक्टरचं आहे. त्यातला साधारण दोन-तृतीयांश भाग आजवर मोकळा झाला आहे. पोर्ता मरीना या वेशीतून आत शिरायचं, बॅसिलिका म्हणजे न्यायदानाचं दालन, फोरम म्हणजे मुख्य चौक, हमामखाना, एखाददुसरा वाडा आणि नाट्यगृह पाहायचं आणि बसच्या वेळेला परत फिरायचं, एवढंच तीन तासांत होतं. पूर्व टोकाचं अँफिथिएटर, म्हणजे झुंजी पाहायचं लंबगोल खुलं प्रेक्षागृह, इ.स.पूर्व 70 च्या सुमाराचं, म्हणजे आज उभ्या असलेल्या दगडी रोमन अँफिथिएटरांमधलं सर्वात जुनं. पण ते दुसऱ्या टोकाला असल्यामुळे बऱ्याच सहलींतून गळतं. तटाबाहेरची ‘व्हिला ऑफ द मिस्टरीज’ तर अनेकांच्या तिकिटातच नसते, कारण नुसत्या शहराचं तिकीट वेगळं आणि बाहेरच्या व्हिलांसकटचं वेगळं. हा अर्धा दिवस आला कुठून आणि त्या वेळात पाहुण्यांशी बोलायचा हक्क कुणाकडे कसा गेला, हे इथे मांडलं आहे.

इ.स. 79 चा व्हेसुव्हियसचा उद्रेक आणि त्यात गाडलं गेलेलं शहर ही गोष्ट शाळेच्या पुस्तकापासून आपल्या ओळखीची आहे. ती इथे पुन्हा सांगत नाही. 1748 मध्ये खोदकाम सुरू झालं, तेव्हा खोदणाऱ्यांना आपण पॉम्पेईवर उभे आहोत याची कल्पनाच नव्हती. ही जागा त्यांना स्टॅबिए, म्हणजे त्याच उद्रेकात गाडलं गेलेलं जवळचं दुसरं गाव, वाटत होती. शहराचं नाव कोरलेला शिलालेख 1763 मध्ये मिळाला आणि तो घोळ मिटला. खोदकाम नेपल्सच्या राजाचं होतं. चांगली भित्तिचित्रं भिंतीवरून कापून राजसंग्रहात नेली जात. आत जायला परवानगी लागे, चित्र काढायचं तर आणखी वेगळी परवानगी. परदेशी पाहुण्यांना फिरवायचे तिथले राखणदार, आणि त्यांच्या कमाईतला मोठा वाटा बक्षिशीचा असे. पॉम्पेईतले पहिले गाइड म्हणायचे तर हे राखणदारच.

पुढे रेल्वे आली. नेपल्स ते पोर्तिची हा इटलीतला पहिला लोहमार्ग 1839 मध्ये सुरू झाला आणि 1844 पर्यंत रूळ पॉम्पेईवरून पुढे नोचेरापर्यंत पोचले. त्याआधी घोडागाडीनं जायचं तर पूर्ण दिवस जाई आणि पुष्कळदा मुक्कामही पडे. आता सकाळच्या गाडीनं निघून जेवायला नेपल्समध्ये परत येता येऊ लागलं. 1904 मध्ये व्हेसुव्हियसला वळसा घालणारी छोटी लोकल धावू लागली आणि ये-जा आणखी सोपी झाली. विसाव्या शतकात क्रूझ जहाजांची भर पडली. सकाळी बंदरात लागायचं आणि संध्याकाळी सुटायचं, म्हणजे मध्ये उरतो अर्धा दिवसच. थोडक्यात, हा अर्धा दिवस अवशेष पाहायला किती वेळ लागतो यावरून ठरलेला नाही. तो आगगाड्यांच्या आणि जहाजांच्या वेळापत्रकानं ठरवला.

तिकीट आलं इटलीच्या एकीकरणानंतर, 1860 च्या दशकात. त्या वेळच्या संचालकानं शहराचे नऊ विभाग पाडले, प्रत्येक विभागात चहूबाजूंनी गल्ल्या असलेल्या घरांच्या चौकटी ठरवल्या आणि दारादाराला आकडा दिला. आजही गाइडच्या हातातल्या नकाशावर विभाग, चौकट आणि दार हेच तीन आकडे असतात. राखेत कुजून गेलेल्या देहांच्या पोकळीत प्लॅस्टर ओतून माणसांचे ठसे उभे करणं त्यानंच 1863 मध्ये सुरू केलं. प्रवेशाला शुल्क लागलं, राखणदारांना गणवेश मिळाला आणि बक्षिशी घ्यायला बंदी झाली. राजाची मर्जी संपून दोन लिरांत कुणालाही आत जाता यावं, हा बदल मला त्या शतकातल्या कुठल्याही शोधापेक्षा मोठा वाटतो.

मात्र आत आलेल्या माणसाला माहिती सांगायची कुणी, हा प्रश्न तेव्हापासून आजतागायत पुरता सुटलेला नाही.

मराठीत आपण ‘गाइड’ हा एकच शब्द सगळ्यांना लावतो. विमानतळापासून सोबत असलेला, जेवणाची सोय पाहणारा, कुणाचा पासपोर्ट हरवला तर धावपळ करणारा तोही गाइड, आणि फोरममध्ये उभा राहून ज्युपिटर देवाच्या देवळाबद्दल सांगणारा तोही गाइड. इटलीच्या कायद्यात ही दोन वेगळी माणसं आहेत. 1931 च्या सार्वजनिक सुरक्षेच्या कायद्यात गाइड, दुभाष्या, प्रवाशांसोबत जाणारा आणि डोंगरातला हमाल हे सगळे एका ओळीत बसवले होते आणि प्रत्येकाला पोलिसांचा परवाना लागे. परकी माणसांच्या संगतीत सतत असणारे हे लोक सरकारच्या नजरेखाली असावेत, एवढाच त्यामागचा हेतू दिसतो. गाइडला इतिहास किती येतो, हा तिथे मुद्दाच नव्हता.

1983 च्या पर्यटन कायद्यानं हे काम प्रांतांकडे सोपवलं आणि व्याख्या केल्या. स्थळी माहिती सांगणारा तो गाइड, प्रवासभर गटासोबत राहणारा तो सोबती, आणि दुभाष्याची तिसरी जात. गाइडचा परवाना प्रांतापुरता. पॉम्पेईत बोलायचं तर कंपानिया प्रांताची परीक्षा, रोममध्ये बोलायचं तर वेगळी. हे ठीक होतं असं माझं मत आहे, कारण पॉम्पेईसारख्या ठिकाणी माहिती झपाट्यानं बदलते आणि स्थानिक माणसालाच ती वेळेवर कळते.

पण युरोपच्या समान बाजारपेठेत ते बसेना. म्युनिकहून किंवा लिऑनहून निघालेल्या गटासोबत तिथलाच जाणकार आला, तर त्यानं इटलीत तोंड उघडायला पुन्हा परीक्षा द्यावी का? 26 फेब्रुवारी 1991 रोजी युरोपीय न्यायालयानं इटलीविरुद्ध निकाल दिला. त्याच दिवशी फ्रान्स आणि ग्रीसबाबतही असाच निकाल लागला. दुसऱ्या सदस्य देशातून गटाबरोबर आलेल्या गाइडवर परवान्याची सक्ती करता येणार नाही, असं न्यायालयानं म्हटलं. त्याला एक अपवाद ठेवला: जी संग्रहालयं आणि ऐतिहासिक वास्तू फक्त विशेष व्यावसायिक गाइडसोबतच पाहता येतात, ती वगळून.

पुढची तीसेक वर्षं त्या अपवादाचा अर्थ लावण्यात गेली. अशा वास्तू कोणत्या, हे ठरवायला याद्या निघाल्या आणि प्रत्येक प्रांताला आपल्या वास्तू यादीत हव्या होत्या. 2013 मध्ये कायदा बदलून एका प्रांताचा परवाना देशभर चालेल असं ठरलं. त्याच कायद्यात विशेष महत्त्वाच्या स्थळांना वेगळा परवाना ठेवण्याची सोयही होती. 2015 मध्ये त्या स्थळांची यादी आली, तर ती तीन हजारांवर गेली. एवढी स्थळं ‘विशेष’ ठरली तर सर्वसाधारण काय उरलं, हा आक्षेप रास्त होता. 2017 मध्ये रोमच्या प्रशासकीय न्यायालयानं ते आदेश रद्द केले. त्यानंतर काही वर्षं प्रांत नव्या परीक्षा घेईनात आणि देशपातळीवर तर परीक्षाच नव्हती. तरुण पुरातत्त्व पदवीधरांना या व्यवसायात शिरायची वाट जवळपास बंद झाली. विनापरवाना बोलणाऱ्यांचं तेव्हा फावलं. शेवटी डिसेंबर 2023 मध्ये नवा कायदा झाला. आता संपूर्ण देशासाठी एक परीक्षा आणि एक यादी आहे, आणि परवान्याशिवाय हे काम केल्यास दंड आहे.

मुंबई-पुण्याहून जाणाऱ्या गटांना हा सगळा इतिहास थेट लागू पडतो. गटासोबत मराठी बोलणारा टूर मॅनेजर असतो. 1991 च्या निकालानं दिलेली मोकळीक युरोपीय संघातल्या देशांतून सेवा देणाऱ्यांसाठी होती. भारतातून आलेला टूर मॅनेजर त्यात कधीच नव्हता. म्हणून वेशीपाशी स्थानिक गाइड येते, सगळ्यांच्या कानात ऐकायची यंत्रं बसतात आणि पुढचे तीन तास इंग्रजी चालतं. गटातल्या ज्या आजींनी आयुष्यभराच्या बचतीतून हा प्रवास केला, त्यांना निम्मं समजतं. टूर मॅनेजरला सगळं माहीत असतं, पण अवशेषांत उभं राहून त्यानं मराठीत समजावलं की ते ‘गाइडिंग’ ठरतं का, याची त्याला धास्ती वाटते. गाइडचं वाक्य ऐकून तेच मराठीत सांगितलं, तर तो दुभाष्या की गाइड? 1983 च्या कायद्यात दुभाष्याची वेगळी व्याख्या तरी होती. 2001 मध्ये तो कायदाच गेला आणि त्याबरोबर देशपातळीवरची ती व्याख्याही. बहुतेक वेळा समजूतदारपणे निभावतं. गाइड दोन मिनिटं थांबते, टूर मॅनेजर मराठीत सांगतो, गट पुढे सरकतो. पण अर्ध्या दिवसात ही दोन-दोन मिनिटं साठत जातात आणि वेळ संपल्यावर एखादं घर वगळावं लागतं.

याचा अर्थ परवाना नको असा नाही. माहिती किती बदलते याचं एक उदाहरण पुरे. ‘सोन्याच्या कड्याच्या घरात’ सापडलेल्या ठशांपैकी हातात कडं असलेली प्रौढ व्यक्ती आणि तिच्याजवळचं मूल म्हणजे आई आणि लेकरू, असं कित्येक दशकं सांगितलं गेलं. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येत. नोव्हेंबर 2024 मध्ये प्राचीन डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ती व्यक्ती पुरुष होती आणि त्या मुलाशी तिचं रक्ताचं नातं नव्हतं. उद्रेकाच्या तारखेचंही असंच आहे. एका तरुण प्रत्यक्षदर्शीच्या पत्राच्या हस्तलिखितावरून 24 ऑगस्ट ही तारीख चालत आली होती. 2018 मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेली ओळ मिळाली, तिच्यात 17 ऑक्टोबरशी जुळणारा दिवस आहे, पण वर्ष नाही. डाळिंबं, शेगड्या आणि बंद केलेले द्राक्षारसाचे रांजण आधीच शरद ऋतूकडे बोट दाखवत होते. ऑगस्टची बाजू घेणारे अभ्यासक आजही आहेत. असा विषय प्रामाणिकपणे मांडायला अभ्यास लागतो, आणि अभ्यासाची परीक्षा घेणं योग्यच आहे. फक्त ती परीक्षा कुठल्या भाषेतल्या पाहुण्यांना पोचते, याचा विचार तीन दशकांच्या या वादात फारसा झाला नाही.

गेल्या काही वर्षांत वेळेवरच बंधन आलं. 1980 चा भूकंप आणि नोव्हेंबर 2010 मध्ये कोसळलेली ग्लॅडिएटरांची इमारत यांमुळे शहराच्या देखभालीकडे जगाचं लक्ष गेलं. युरोपीय संघ आणि इटली यांच्या निधीतून 10 कोटी 50 लाख युरोंचा दुरुस्ती प्रकल्प झाला आणि अनेक घरं पुन्हा उघडली. घरं उघडली तसे पाहुणे वाढले. 2024 मध्ये मोफत प्रवेशाच्या एका रविवारी 36 हजारांहून जास्त माणसं आत होती. अरुंद गल्ल्या, गुळगुळीत झालेले फरसबंदी दगड, सावली जवळजवळ नाही. एवढ्या गर्दीत गाइडचा आवाज यंत्रातूनही धड पोचत नाही.

म्हणून 15 नोव्हेंबर 2024 पासून दिवसाला 20 हजारांची मर्यादा आली आणि तिकिटावर नाव आलं. उन्हाळ्यासाठी त्यातले 15 हजार सकाळी 9 ते 1 आणि 5 हजार दुपारनंतर, अशी विभागणी ठरली. रेल्वेनं दिलेला अर्धा दिवस आता तिकिटाच्या नियमातच उतरला आहे. गटाची तिकिटं नावानिशी काढायची असल्यामुळे आयत्या वेळी माणूस बदलला की टूर मॅनेजरची धावपळ होते. तरीही ही मर्यादा हवीच होती. 66 हेक्टरपैकी जवळपास 22 हेक्टर अजून जमिनीखाली आहेत, आणि जे वर आहे तेच सांभाळणं अवघड झालंय.

भारतीय गटातून गाइडला हमखास विचारला जाणारा प्रश्न ‘पॉम्पेईच्या लक्ष्मी’चा असतो. 1938 मध्ये इथल्या एका घरात सापडलेली वीतभर उंचीची ती हस्तिदंती मूर्ती शहरात नाही, नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. अर्ध्या दिवसाच्या सहलीत ते संग्रहालय बसत नाही. लक्ष्मी हे नावही सुरुवातीच्या अंदाजावरून पडलं. नंतरच्या अभ्यासकांना ती यक्षी वाटते. ती नक्की कुठे घडली यावर एकमत नाही. तळाशी खरोष्ठी या प्राचीन लिपीतलं अक्षर कोरलेलं असल्यामुळे काही जण भारतीय उपखंडाच्या वायव्येकडे बोट दाखवतात. पण जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात त्याच घडणीची भंगलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली आहे, त्यामुळे सातवाहनांच्या दख्खनचा दावाही भक्कम आहे. हे गटाला मराठीत सांगायला टूर मॅनेजरला कुठलाच परवाना लागत नाही, कारण परतीच्या बसमध्ये माइक त्याच्याच हातात असतो.