ॲक्टन बर्नेल: थाट किल्ल्याचा, खिडक्या मात्र वाड्याच्या

इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यात, वेल्सच्या सीमेकडे, ॲक्टन बर्नेल नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या चर्चच्या शेजारी लाल वालुकाश्माच्या भिंती उभ्या आहेत, वर छप्पर नाही, आत गवत. चार कोपऱ्यांना चौकोनी बुरूज, माथ्यावर चर्या, म्हणजे दातेरी कठडा, त्यामुळे लांबून किल्लाच वाटतो आणि नावातही कॅसलच आहे. पण खरं तर ही गढी, आपल्याकडच्या देशमुख-पाटलांच्या गढ्यांसारखी, धड वाडाही नाही आणि धड किल्लाही नाही.

मी असं का म्हणतोय ते कळायला खिडक्या बघा. मुख्य दिवाणखाना पहिल्या मजल्यावर होता आणि त्याच्या खिडक्या चांगल्या उंच, रुंद, नक्षीच्या. ज्याला वेढ्याची खरी धास्ती आहे तो स्वतःच्या भिंतीला एवढी भगदाडं कशाला ठेवेल? पडक्या इमारती अशाच वाचतात. भिंतीत आतून एका रेषेत चौकोनी खोबणी दिसली की तिथे तुळयांची टोकं बसायची, म्हणजे मजला तिथे होता. भिंतीवर तिरकी रेघ दिसली की छपराचा उतार तिथे टेकत होता, आणि भिंतीच्या जाडीतून एखादा पोकळ मार्ग सरळ खाली उतरत असेल तर वर बहुतेक संडास होता. कागद हरवले तरी दगडात हे सगळं राहतं, आणि मला याचंच फार अप्रूप वाटतं.

गढी बांधली रॉबर्ट बर्नेलने. माणूस इथलाच, पण 1274 पासून 1292 मध्ये मरेपर्यंत राजा पहिल्या एडवर्डचा चॅन्सेलर, म्हणजे राज्याचा कारभार याच्या हातात, आणि वर बाथ अँड वेल्सचा बिशपही (हे वेल्स म्हणजे इंग्लंडमधलंच एक शहर, सीमेपलीकडचा देश नव्हे). राजाला त्याला कँटरबरीचा आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडमधला सर्वात वरचा धर्मगुरू, करायचं होतं, पण पोपने काही होऊ दिलं नाही.

1283 च्या ऑक्टोबरमध्ये जवळच्या श्रूजबरीत वेल्सचा राजपुत्र डेव्हिड याला देहदंड झाला आणि त्यानंतर राजा आपला लवाजमा घेऊन बर्नेलच्या गावी आला. तिथे पार्लमेंट भरली आणि जो कायदा झाला त्याला गावाचंच नाव आहे. विषय एकदम व्यवहारी, उधारी वसूल कशी करायची. कर्जदाराने लंडन, यॉर्क किंवा ब्रिस्टलच्या मेयरसमोर कर्ज कबूल करायचं, त्याची नोंद ठेवायची, मुदतीत पैसे आले नाहीत तर त्याचा माल विकायचा आणि मालच नसेल तर थेट तुरुंग. अंमलबजावणीत ढिलाई झाली म्हणून 1285 मध्ये आणखी कडक कायदा करावा लागला. ही पार्लमेंट गावातल्या एका मोठ्या कोठारात भरली असं परंपरेने सांगतात, त्या कोठाराच्या दोन टोकांच्या त्रिकोणी भिंती अजून उभ्या आहेत.

पुढच्याच वर्षी, 1284 मध्ये, बर्नेलला घराला तटबंदी आणि चर्या बांधायचं लायसन्स मिळालं. चर्या म्हणजे त्या काळी मोठेपणाची खूण, आणि राजाने परवानगी दिलीय हेच मिरवण्यासारखं. सीमेवरचा मुलूख असल्याने थोडाफार बंदोबस्त लागत असेलच, पण भिंतींचा रोख मला शत्रूपेक्षा पाहुण्यांकडे जास्त वाटतो.

साधारण 1420 पर्यंत गढी ओस पडली, नंतर काही भाग पाडला गेला, उरलेल्याचा कोठार म्हणूनही वापर झाला. पण अशा इमारतीचा खरा घात छप्पर जाण्याने होतो. जाड भिंतीत बाहेरून घडीव दगड आणि मधे चुन्यात कालवलेली खडी असते, वरून पाणी शिरलं की चुना विरघळत जातो, थंडीत त्याच पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे 9 टक्के फुगतं आणि सांधे सुटतात. वालुकाश्म तर पाणी पितोच. डागडुजीला सिमेंट वापरलं तर आणखी वाईट, कारण सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही, मग सांधा शाबूत राहतो आणि शेजारचा दगड पापुद्र्यांनी झडतो. म्हणून जाणकार चुनाच वापरतात.

याच परगण्यात स्टोकसे नावाची दुसरी गढी आहे, लॉरेन्स ऑफ लडलो या लोकरीच्या व्यापाऱ्याची, तिला लायसन्स 1291 चं. काळ जवळपास तोच, पण तिच्यावर छप्पर कायम राहिलं, त्यामुळे तिच्या दिवाणखान्याच्या 13 व्या शतकातल्या तुळया आजही डोक्यावर बघायला मिळतात. बर्नेलच्या दिवाणखान्याचं छत कसं असेल याचा अंदाज करायला तिथेच जावं लागतं.