पोर्ट ऑफ स्पेनमधील कार्निव्हल फेरी

त्रिनिदाद व टोबॅगो या कॅरिबियन देशाच्या राजधानीत, वाटाड्याबरोबर पायी हिंडून कार्निव्हलच्या परंपरा पाहण्याचा प्रकार. कार्निव्हलचे मुख्य दिवस दोनच, लेंट या उपवासकाळाच्या आधीचे सोमवार आणि मंगळवार. पण उत्सव समजून घ्यायचा तर त्याआधीचे काही आठवडे अधिक चांगले. ऐन मिरवणुकीत पोशाख डोळ्यांसमोरून झरझर निघून जातात, आणि काही विचारावे तर उत्तर द्यायला कोणालाच सवड नसते.

शहराच्या पूर्व भागात या उत्सवाचा जुना, संतापाचा इतिहास आहे. स्पेनने 1783 मध्ये दिलेल्या सवलतींमुळे फ्रेंच मळेवाले त्रिनिदादला आले. त्यांचे मुखवट्यांचे नाच घरांत चालत आणि गुलामांना तिथे पाहुणे म्हणून जागा नव्हती. 1838 मध्ये पूर्ण मुक्ती मिळाल्यावर या लोकांनी रस्ताच आपलासा केला. मशाली, ढोल आणि काठीची झुंज असलेली त्यांची मिरवणूक म्हणजे कॅनबुले. 1881 मध्ये पोलीसप्रमुख कॅप्टन बेकर यांनी ती मोडायचा प्रयत्न केला आणि दंगल पेटली. 1884 च्या कायद्याने ढोलांवर निर्बंध आले. त्याच वर्षी सान फर्नांडो येथे भारतीय मजुरांच्या होसे, म्हणजे मोहरमच्या, मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, म्हणजे सरकारला धास्ती एकट्या कार्निव्हलची नव्हती. कॅनबुलेच्या त्या झटापटीचे नाट्यरूप आता कार्निव्हलच्या शुक्रवारी पहाटे पिकाडिली ग्रीन्स येथे सादर होते.

ढोल गेले तेव्हा लोकांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. 1930 च्या दशकात डबे आणि धातूची भांडी आली, पुढे तेलाची पिंपे. त्यांतून घडलेले स्टीलपॅन 1992 मध्ये राष्ट्रीय वाद्य ठरले. शार्लट स्ट्रीटवरील रेनेगेड्स किंवा ड्यूक स्ट्रीटवरील ऑल स्टार्स या स्टीलपॅन वाद्यवृंदांचे पॅनयार्ड, म्हणजे सरावाचे अंगण, हा फेरीतला सर्वांत सरस थांबा. 1963 पासून चालत आलेल्या पॅनोरमा स्पर्धेसाठी इथे रात्री उशिरापर्यंत सराव चालतो. बरेच वादक स्वरलिपी समोर न ठेवता रचना ऐकून पाठ करतात. संगीत संयोजक चार-पाच मात्रांचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवून घेतो. कंटाळून लगेच उठू नये, कारण हळूहळू त्या तुकड्याचे पदर वेगळे ऐकू येऊ लागतात.

पश्चिमेकडील वुडब्रुक भागात मास कॅम्प असतात. तिथे पोशाख शिवले जातात, मण्यांनी व पिसांनी सजवले जातात आणि वितरितही होतात. आज अनेक मोठ्या पथकांचे पोशाख एकमेकांसारखेच दिसतात, ही तक्रार रास्त आहे. उंच काठ्यांवर चालणारा मोको जंबी, रुंद टोपी घालून फुशारक्या मारणारा मिडनाइट रॉबर, मळेवाल्यांच्या बायकांची नक्कल करणारी डेम लॉरेन अशा जुन्या पात्रांत अधिक जीव आहे.

सोमवारी अंधार असतानाच जूव्हे, म्हणजे कार्निव्हलची पहाटेची मिरवणूक, सुरू होते. अंगाला चिखल, रंग किंवा कोको फासलेले लोक वाद्यांच्या गाडीमागे पाय घासत चालतात. या चालीला चिपिंग म्हणतात. टाकून देता येतील असेच कपडे आणि जोडे घालावेत. पॅरामिन या टेकडीवरच्या गावातले निळे सैतान, म्हणजे अंगाला निळा रंग फासून सैतान बनलेले लोक, आरोळ्या ठोकत पैसे मागतात. पैसे देणे हा त्या खेळाचाच भाग असल्याने वाटाडे आधीच सुटे जवळ ठेवायला सांगतात.